रक्ताचा फेरा आणि घाटाखालचे सोयगाव

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या नकाशात सोयगाव तालुका अगदी वरच्या टोकाला, अजिंठ्याच्या डोंगराखाली बसलेला आहे. जगभरचे लोक जी अजिंठ्याची लेणी पाहायला येतात ती याच तालुक्यात, फर्दापूरजवळ. जिल्हा मराठवाड्यातला असला तरी इथले पाणी खानदेशाकडे, तापीकडे वाहते. रात्री कुणाच्या छातीत कळ आली की माणसांनाही तोच पेच पडतो: वर जायचे की खाली? वर म्हणजे घाट चढून सिल्लोडमार्गे शंभरेक किलोमीटरवरचे शासकीय रुग्णालय, १९५६ पासूनची ‘घाटी’. खाली म्हणजे शेंदुर्णी-पाचोऱ्याकडून जळगाव. गाडी कुणाची, सोबत कोण, पैसे किती, हे सगळे त्यानंतर.

छातीत नेमके काय बिघडले, हा प्रश्न या घाईत मागे पडतो. दम लागला, धडधडले, घाम फुटला, चक्कर आली, सगळ्याला एकच नाव मिळते, ‘अटॅक’. प्रत्यक्षात कधी झडप बिघडलेली असते, कधी भिंत दमलेली, कधी ठोक्यांची वीज मंदावलेली, तर कधी हृदय ठणठणीत असून त्याच्या पुढचा रस्ताच आवळलेला असतो. हृदयाच्या रचनेवर आजवर जे शोध लागले त्यांतून एक गोष्ट पुन्हापुन्हा पुढे येते. हृदयाचे दुखणे पुष्कळदा हृदयात सुरूच होत नाही. ते घशात, कातडीवर, फवारणीच्या पंपापाशी किंवा रक्तवाहिनीच्या भिंतीत सुरू होते आणि हृदयात येऊन दिसते. म्हणून कॅथलॅब नसलेल्या तालुक्यातही करण्यासारखे बरेच असते.

आधी रचना. प्रौढ माणसाचे हृदय त्याच्या मुठीएवढे, २५० ते ३५० ग्रॅम वजनाचे. ते डावीकडे असते असे आपण म्हणतो, पण असते छातीच्या मधोमध. फक्त त्याचे टोक डावीकडे कललेले असते. आत चार कप्पे. वरची दोन पातळ भिंतींची अलिंदे रक्त घेतात, खालची दोन जाड निलये ते ढकलतात. उजवी आणि डावी बाजू मधल्या पडद्याने पूर्ण वेगळी केलेली. चार झडपा, आणि चारींचे काम एकच: रक्त मागे फिरू न देणे. स्टेथोस्कोपमधून ऐकू येणारे ‘लब-डब’ म्हणजे याच झडपा मिटल्याचा आवाज. ‘लब’ला अलिंद-निलयांमधल्या दोन मिटतात, ‘डब’ला बाहेर जाणाऱ्या वाहिन्यांच्या तोंडावरच्या दोन.

कापूस वेचणाऱ्या बाईच्या पोटरीतून निघालेल्या रक्ताचा प्रवास पाहू. ते गडद लाल असते, निळे नव्हे. शीर निळसर दिसते ती कातडीतून जाणाऱ्या प्रकाशाची करामत. हृदय तिथून तीन-साडेतीन फूट वर, आणि माणूस नुसता उभा राहिला तर पायाच्या शिरांत रक्त साचू लागते. पाऊल उचलले की पोटरीचा स्नायू आवळतो, खोलवरच्या शिरा पिळल्या जातात आणि शिरांमधल्या चिमुकल्या झडपा रक्ताला फक्त वर जाऊ देतात. चालणाऱ्या बाईचे रक्त असे टप्प्याटप्प्याने चढते. तासन्‌तास एका जागी उभ्या राहणाऱ्यांच्या पायांवर ज्या वेटोळ्या शिरा फुगतात, त्यांत या झडपा सैल पडलेल्या असतात.

पोटातून वर येत हे रक्त महाशिरेने उजव्या अलिंदात उतरते, तिथून उजव्या निलयात, तिथून फुप्फुसात. फुप्फुसे शेजारीच असल्यामुळे उजव्या निलयाला फार जोर लावावा लागत नाही. पाऱ्याच्या २५ मिलिमीटरएवढा दाब पुरतो. प्राणवायू घेऊन लालभडक झालेले रक्त चार शिरांनी डाव्या अलिंदात परतते आणि डाव्या निलयात जाते. इथे मात्र काम जड आहे. डोक्यापासून अंगठ्यापर्यंत रक्त पोहोचवायला १२० मिलिमीटरच्या आसपास दाब लागतो, म्हणून डाव्या निलयाची भिंत उजव्याच्या जवळपास तिप्पट जाड. महारोहिणीतून निघालेले रक्त फाटे फुटत-फुटत केशवाहिन्यांत शिरते. तिथे तांबड्या पेशींना एकामागे एक, कधी अंग दुमडून जावे लागते. विश्रांतीत असा एक फेरा साधारण मिनिटाभरात पूर्ण होतो.

आता यातला एक बारकावा, ज्यात पुढचे अर्धे आजार सामावलेले आहेत. उजवी बाजू जेवढे रक्त फुप्फुसाकडे पाठवते, नेमके तेवढेच डावीने उचलले पाहिजे. डावी बाजू थोडी जरी मागे पडली तरी रक्त फुप्फुसात तुंबते, त्यातले पाणी हवेच्या पिशव्यांत झिरपते आणि माणूस कोरड्या जमिनीवर गुदमरतो.

आज शाळकरी पोराला पाठ असलेला हा फेरा समजायला माणसाला फार वेळ लागला. चरकसंहितेने हृदयाला दहा मोठ्या वाहिन्यांचे मूळ म्हटले आहे, म्हणजे हृदयाचे मध्यवर्ती स्थान आपल्याकडे जुन्या काळापासून माहीत होते. पण किती रक्त, कोणत्या वाटेने जाते आणि कुठून परत येते, याचे मोजमाप तिथे नाही. युरोपात दुसऱ्या शतकातल्या गॅलनचे मत चौदाशे वर्षे चालले: रक्त यकृतात तयार होते, शरीरभर जाते आणि तिथेच खर्ची पडते. मलिक अंबरने खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, आणलेल्या नहरीच्या पाण्यासारखेच म्हणायचे. आले, वापरले गेले, संपले. उजवीकडचे रक्त डावीकडे कसे जाते, यावर गॅलनचे उत्तर होते की मधल्या पडद्याला अदृश्य छिद्रे आहेत. तेराव्या शतकात इब्न अल-नफीसने स्पष्ट लिहिले की पडद्याला छिद्रे नाहीत, रक्त फुप्फुसातून फिरून येते. युरोपातल्या बहुतेकांना त्याचा पत्ताच नव्हता.

मलिक अंबर १६२६ साली वारला. त्यानंतर दोन वर्षांनी, १६२८ मध्ये, विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याचे छोटेसे लॅटिन पुस्तक फ्रँकफुर्टला छापले गेले. हार्वेचा खरा हुकमी एक्का होता हिशेब. आजचे आकडे घेऊन तो करून पाहा. एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडते. मिनिटाला ७० ठोके धरले तर जवळपास ५ लिटर, तासाला ३०० लिटर. अंगात रक्त असते सगळे मिळून ५ लिटर. तासाला ३०० लिटर नवे रक्त कोणते यकृत तयार करणार? हार्वेने धरलेले आकडे याहून बरेच कमी होते, तरी गॅलनचे मत आडवे पाडायला ते पुरले. रक्त तेच आहे आणि ते फिरते आहे, याखेरीज दुसरा निष्कर्ष निघत नव्हता. त्याचा दुसरा पुरावा कुणालाही स्वतःच्या हातावर पाहता येतो. दंडाला फडके आवळा, कोपराखालची शीर फुगू द्या. तिच्यावर एक बोट दाबून ठेवा आणि दुसऱ्या बोटाने त्यातले रक्त खांद्याच्या दिशेला पुढच्या गाठीपलीकडे, म्हणजे झडपेपलीकडे सारा. मधली शीर रिकामीच राहते, वरून रक्त खाली उतरत नाही. पहिले बोट उचलले की खालून झटकन भरते.

रोहिण्यांतले रक्त शिरांत नेमके कसे जाते, हे मात्र हार्वेला दिसले नाही, कारण त्याला केशवाहिन्या दिसल्या नाहीत. १६६१ मध्ये माल्पिघीने सूक्ष्मदर्शकातून बेडकाच्या फुप्फुसात त्या पाहिल्या. हार्वे त्याच्या चारच वर्षे आधी गेला होता.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर हृदयशस्त्रक्रियेचा इतिहास परळच्या केईएम रुग्णालयातून सुरू करावा लागतो, आणि त्याची सुरुवात झडपेपासून होते. पाच ते पंधरा वयाच्या मुलाला स्ट्रेप्टोकॉकस जंतूने घसा धरतो. घसा आठवड्यात बरा होतो. पण काही मुलांत त्या जंतूंविरुद्ध उठलेली शरीराची फौज स्वतःच्याच सांध्यांवर आणि झडपांवर तुटून पडते. सांधे सुजतात आणि पुन्हा ठीक होतात; हाच संधिज्वर. डाव्या बाजूची मिट्रल झडप मात्र वर्षानुवर्षे आखडत, चिकटत जाते. मुलगी मोठी होते, लग्न होते, दिवस जातात. गरोदरपणात रक्ताचे प्रमाण जवळपास दीडपट होते, अरुंद झडपेतून ते पुढे सरकत नाही आणि हंडा उचलतानाही दम लागू लागतो. घरचे म्हणतात, ‘अशक्तपणा आहे’. दाटीवाटीची घरे आणि गरिबी यांच्याशी या रोगाचे जुने नाते आहे.

केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९५० च्या दशकात अशा झडपा उघडायला सुरुवात केली. हार्ट-लंग मशीन नाही, हृदय चालूच. शल्यविशारद अलिंदातून बोट आत घालून चिकटलेली झडप अंदाजाने मोकळी करीत असे. आज हे काम मांडीच्या शिरेतून नेलेल्या फुग्याने होते, छाती उघडावी लागत नाही. सेन यांचे नाव घेतले जाते ते मात्र १९६८ च्या फेब्रुवारीतल्या हृदयारोपणासाठी. ख्रिस्तिआन बर्नार्ड यांनी केपटाऊनमध्ये जगातले पहिले हृदयारोपण केले ३ डिसेंबर १९६७ रोजी. अवघ्या अडीच महिन्यांनी परळला भारतातले पहिले झाले. रुग्ण काही तासच जगला. त्यानंतर देशात यशस्वी हृदयारोपण व्हायला १९९४ साल उजाडले, तेही अवयवदानाचा कायदा झाल्यावर दिल्लीच्या एम्समध्ये. मुंबईने तर २०१५ पर्यंत वाट पाहिली. त्या ऑगस्टमध्ये पुण्याहून आणलेले हृदय मुलुंडमध्ये डॉ. अन्वय मुळे यांच्या पथकाने बसवले. बाहेर काढलेले हृदय साधारण चार तासांत दुसऱ्याच्या छातीत चालू व्हावे लागते, म्हणून पोलीस रस्ते मोकळे करतात. तालुक्यातल्या रुग्णाच्या दृष्टीने मात्र, खरे सांगायचे तर, आरोपणापेक्षा तीन आठवड्यांनी घ्यायचे पेनिसिलीनचे साधे इंजेक्शन कितीतरी महत्त्वाचे. एकदा संधिज्वर झालेल्या मुलाला ते वर्षानुवर्षे न चुकता मिळाले तर झडप वाचू शकते. त्याच्या मात्र बातम्या होत नाहीत.

असाच एक साधा उपाय शोधणारा डॉक्टर इथून जवळचाच. सोयगावला लागून सिल्लोड आणि सिल्लोडला लागून भोकरदन. या भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावी, तो भाग औरंगाबाद जिल्ह्यात असताना, १९५१ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर यांचा जन्म झाला. नागपूरला एमबीबीएस करून ते रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर रुजू झाले. कोकणात लाल विंचवाने दंश केलेली मुले दवाखान्यात येत आणि डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत दगावत. विंचू चावला म्हणजे ठणका, यापलीकडे पुस्तकांत फारसे नव्हते. बावस्करांनी खाटेशेजारी बसून तासातासाला नाडी, रक्तदाब, श्वास टिपला. चित्र दरवेळी एकाच क्रमाने उलगडे. आधी उलटी, दरदरून घाम, बर्फासारखे गार हातपाय. मुलग्यांत लिंगाला ताठरता. मग रक्तदाब चढतो. काही तासांनी छातीत घरघर, तोंडातून गुलाबी फेस. ही पूर्वसूचक लक्षणे त्यांनी १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडली.

वर सांगितलेला उजव्या-डाव्या बाजूंचा हिशेब इथे जिवंत दिसतो. विंचवाच्या विषाने शरीरातील ॲड्रेनलिनसारखी रसायने पुरासारखी सुटतात, अंगभरच्या लहान रोहिण्या आवळून बसतात. हातपाय गार पडतात ते त्यामुळेच. डाव्या निलयाला बंद दारावर धडका माराव्या लागतात. उजवे निलय मात्र रक्त पाठवतच राहते. मग फुप्फुस भरते आणि मूल स्वतःच्याच रक्तातल्या पाण्यात बुडते. अशा वेळी हृदयाला चाबूक मारणारी औषधे देऊन काय होणार? बावस्करांनी दार उघडायचे ठरवले. आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड, पण त्याला सलाईनमधून थेंबाथेंबाने देण्याची कडक देखरेख हवी. मग प्राझोसिन: रोहिण्या सैल करणारी, तोंडाने घ्यायची, स्वस्त गोळी, जी मुळात रक्तदाबासाठी वापरात होती. शेकडा ३० ते ४० च्या घरात असलेले मृत्यू त्यांच्या नोंदींत शेकडा १ च्या आसपास उतरले. पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह महाडला राहून त्यांनी हे काम चालू ठेवले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. महाराष्ट्राने हृदयाच्या विज्ञानात घातलेली सर्वांत मोलाची भर कोणती, असे विचारले तर प्रस्तुत लेखात पहिला मान या गोळीला दिला जाईल, आरोपणाला नाही.

या कथेला सोयगावच्या कपाशीत एक उलटी बाजू आहे. हृदयाचा ठोका हृदयातच जन्मतो; उजव्या अलिंदाच्या वरच्या कोपऱ्यातला पेशींचा एक बारीक पुंजका वीज सोडतो आणि ती ठरलेल्या तारांनी खाली पसरते. मेंदूकडून येणाऱ्या नसा फक्त वेग कमी-जास्त करतात. १९२१ मध्ये ओटो लोवी यांनी बेडकाच्या एका हृदयाची व्हेगस नस चेतवली, ते मंदावले. त्याभोवतीचे द्रावण दुसऱ्या हृदयावर टाकले, तेही मंदावले. म्हणजे नस रसायनामार्फत बोलत होती. ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलिन. कपाशीवर फवारली जाणारी ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशके नेमके हेच रसायन शरीरात साचू देतात. बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, तोंडाला फेस येतो, नाडी मंदावते. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा वेगवेगळ्या कीटकनाशकांच्या मिश्रणांची चर्चा राज्यभर झाली. ऑरगॅनोफॉस्फेटच्या विषबाधेत ॲट्रोपिनचे इंजेक्शन जीव वाचवते. तेच ॲट्रोपिन पूर्वी विंचूदंशातही सर्रास दिले जाई, आणि तिथे आधीच दौडणाऱ्या हृदयाला ते आणखी पळवते. कपाटातली बाटली एकच, पण फेऱ्यात बिघाड कुठे झाला यावर ती औषध ठरते की घात.

राहिला तो ज्याला खरोखर ‘अटॅक’ म्हणतात तो. हृदयाच्या पोकळीत दिवसाला सात हजार लिटर रक्त खेळते, तरी त्याचा स्नायू त्यातून जवळपास काहीच घेत नाही. त्याला रक्त मिळते ते महारोहिणीच्या सुरुवातीलाच फुटणाऱ्या दोन बारीक करोनरी रोहिण्यांतून. शिवाय डाव्या निलयाची भिंत आवळलेली असताना त्या दाबल्या जातात, म्हणून तिला बहुतेक रक्त मिळते ते दोन ठोक्यांमधल्या विश्रांतीत. इतर अवयव रक्तातला पाव हिस्सा प्राणवायू घेतात. हृदय सत्तर टक्क्यांच्या आसपास आधीच काढून घेते. शिल्लक फारसे नसल्याने वाहिनी तुंबली की ते लगेच उपाशी पडते. सापांच्या हृदयाचा स्नायू मात्र पोकळीतलेच रक्त पितो. सेन आणि त्यांच्या केईएममधल्या सहकाऱ्यांनी, ज्यांत पुढे नावाजलेले गुरुकुमार परुळकरही होते, त्यावरून १९६५ मध्ये एक धाडसी कल्पना मांडली: माणसाच्या हृदयाच्या भिंतीला सुयांनी छिद्रे पाडून आतले रक्त स्नायूत उतरवायचे. पुढे अमेरिकेत हेच काम लेसरने करून पाहिले गेले. छिद्रे लवकर बुजतात असे दिसले आणि तो मार्ग मागे पडला; बायपास आणि स्टेंट पुढे गेले.

करोनरी रोहिण्या कुणालाच ओळखत नाहीत. हजारोंच्या छातीवर शस्त्रक्रिया करणारे डॉ. नीतू मांडके २००३ मध्ये हृदयविकाराच्या झटक्यानेच गेले, वयाच्या ५५ व्या वर्षी. गडचिरोलीचे डॉ. अभय बंग यांना १९९५ मध्ये झटका आला. त्यावरच्या ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकाने आहार, ताण आणि व्यायाम हे विषय मराठी घराघरांत नेले. शहरात झटका आला तर तासा-दीड तासात अँजिओप्लास्टी होऊ शकते. घाटाखालून ते गणित जमणे अवघड, म्हणून इथे गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनाचे मोल जास्त. ते पहिल्या दोन-तीन तासांत पडले तर बराच स्नायू वाचतो, आणि त्यासाठी आधी लागतो जवळच्या रुग्णालयात काढलेला ईसीजी. ‘गॅसेस आहेत’ म्हणून सोडा पीत पहाट करणे, हा आपल्याकडचा सर्वांत महागडा घरगुती उपाय आहे.

जन्मजात दोष हा वेगळाच विषय, इथे ओझरताच. गर्भात फुप्फुसे बंद असल्याने दोन अलिंदांमधली खिडकी उघडी असते, जन्मानंतर ती मिटते. काहींत ती उघडीच राहते किंवा खालचा पडदा अपुरा राहतो आणि गावभर ‘पोराच्या काळजाला भोक आहे’ अशी बातमी होते. अंगणवाडी आणि शाळांत अशी मुले हुडकणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यातल्या पालघरहून सुरू झाला. बाळ दूध ओढताना घामाघूम होत असेल, वजन धरत नसेल, तर पथकाची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे. पात्र कुटुंबांना महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रियेचा खर्च मिळतो.

वाचकांनी एवढे करावे. तिशी ओलांडली की वर्षातून एकदा तरी उपकेंद्रात रक्तदाब मोजून घ्यावा. वाढलेला दाब दुखत नाही, पण डाव्या निलयाची भिंत आतून जाड करीत राहतो. विंचू चावलेल्या मुलाला घाम फुटला, हातपाय गार पडले, तर मांत्रिकाकडे न जाता थेट रुग्णालय गाठावे. फवारणीनंतर गरगरले तर अंगावरचे कपडे काढून साबणाने अंग धुवावे आणि औषधाचा डबा सोबत घेऊनच दवाखान्यात जावे. छातीत दडपण येऊन पंधरा-वीस मिनिटांत ओसरत नसेल तर १०८ ला फोन करावा, स्वतः मोटारसायकल हाणू नये. आणि एकदा काढलेला ईसीजी फेकू नये. त्याचा कागद काही वर्षांत पुसट होतो; मोबाइलवर फोटो काढून घरातल्या दोघांकडे ठेवावा, कारण रात्री अडीच वाजता नवा ईसीजी हातात घेणारा डॉक्टर पहिल्यांदा जुना मागतो.